कोहळ्याचे दाट सूप : साय नको, मैदा नको

"पाणी भरपूर पाजा. आणि जेवत नसेल तर घरी एखादे छान दाट सूप करून द्या." दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी एवढे सांगितले आणि ते पुढच्या रुग्णाकडे वळले. ही गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. माझी भाची आमच्याकडे लाखांदूरला राहून नववीत शिकते. तिला सिकलसेलचा आजार आहे. चार दिवस हातापायांच्या आणि पाठीच्या दुखण्याने ती नुसती तळमळत होती. दुखणे उतरले, पण तोंडाची चव गेली. भात नको, भाजी नको, पोळी तर नकोच नको. गोळ्यांची चिठ्ठी मला वाचता येत होती. अडले ते सुपापाशी.

कारण खरे सांगायचे तर आमच्या घरात सूप कधी झालेच नव्हते. सूप पाहिले होते ते नागपूरच्या लग्नांच्या स्वागत-समारंभात. पांढऱ्या टोपीचा पोरगा कागदी कपात लालभडक काहीतरी ओतून देतो, वर पावाचे तळलेले चार तुकडे आणि सायीची एक रेघ. आमच्या आईला तर सूप म्हणजे धान्य पाखडायचे सूपच ठाऊक. डॉक्टरांचा निरोप तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "सुपात टाकून का द्याचं रे पोरीले?" भाची त्या दिवसांत प्रथमच हसली.

मी बाजारात गेलो आणि सुपाची चार पाकिटे घेऊन आलो. पाण्यात कालवायचे, उकळायचे, झाले. भाचीने दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली. "मामा, हे नुसतं खारट आहे." मी कारकून माणूस, कागद हातात आला की वाचल्याशिवाय राहवत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटकपदार्थ छापलेले असतात. कायद्याप्रमाणे जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो आधी लिहावा लागतो, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. त्या यादीत सुरुवातीलाच मैदा, मक्याचे पीठ, साखर आणि मीठ. भाज्या कुठे? तर खाली, वाळलेल्या, चिमूट-चिमूट. पाकिटावरच्या चित्रात मात्र टमाटरे आणि गाजरे टोपलीभर! वाचकहो, पुढच्या वेळी पाकीट घेतले तर चित्र पाहू नका, ती यादी पाहा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. ज्या घरात रक्तदाबाचा माणूस आहे त्या घराने तर मिठाचा आकडा आधी पाहावा.

मग घरीच करायचे ठरले. माझी पत्नी म्हणाली, "साय लागेल, नाहीतर दाट कसं होणार?" आमच्याकडे दूध येते ते चहापुरते. त्यावर साय किती धरणार! आणि खरा प्रश्न इथेच होता. दाटपणा येतो कशाने?

तो सायीने येतो हा आपला गैरसमज आहे. साय म्हणजे दुधातली स्निग्धता. तिने जिभेला गुळगुळीत लागते एवढेच. दाटपणाचे खरे काम पिष्ट करते. तांदळात, आलूत, डाळीत पिष्टाचे बारीक कण असतात. पाण्यात ते तापले की पाणी पिऊन फुगतात आणि पातळ रसाला धरून ठेवतात. भात उतू जाताना वरचे पाणी पांढरे आणि चिकट होते ते त्यामुळेच. दुसरे काम भाजीचा गर करतो. कोहळे शिजले की त्याचा गर लोण्यासारखा होतो. मी कोहळे म्हणतो ते आपल्याकडचे, पिवळ्या-केशरी गराचे. पुण्या-मुंबईकडे त्याला लाल भोपळा म्हणतात आणि कोहळा म्हणजे त्यांच्याकडे पेठ्याचे पांढरे फळ, म्हणून तिकडच्या वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये. तिसरे काम चाळणीचे. कण जितका बारीक, तितके सूप जिभेला सायीसारखे लागते. पिष्ट, गर, चाळणी आणि शेवटी चमचाभर स्निग्धता. यातले भंडारा जिल्ह्यातल्या मजुराच्या घरात काय नाही? तांदूळ आपला, कोहळे आपल्या सांदवाडीतले, नाहीतर धुऱ्यावरच्या वेलाचे. एकदा देठासकट तोडून आढ्याला टांगले की कित्येक महिने टिकते.

हे सगळे मी मोठ्या उत्साहाने चुलीपाशी सांगत होतो. कोहळे, मूठभर डाळ आणि थोडी कनकी, म्हणजे तांदळाची कणी, एकत्र शिजत होती. आईने वाकून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"हे त पेजच होय ना रे. पोरगी बिमार आहे. तिले पेज देतं का?"

मला आधी कळलेच नाही. आपल्या भागात पेज कोणी प्यायली नाही? पण आईसाठी पेज ही चव नव्हती, आठवण होती. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी करायची आणि दुपारी मालकाच्या घरून पेज यायची. आपल्या लोकांनी आपले भांडे घेऊन बाजूला बसायचे. वाढणारा वरून, हात दूर ठेवून ओतायचा. अंगावर सांडली तर सांडली. आई तेव्हा दहा-बारा वर्षांची. तिने आम्हा भावंडांना कधी पेज केली नाही. घरात कनकी असली तरी ती भात करायची. भात नसला तर उपाशी ठेवले असेल, पण पेज नाही. हे इतक्या वर्षांनी मला सुपाच्या निमित्ताने समजले.

त्या वर्षीच्या वर्षावासात आमच्या विहारात विनयपिटकातल्या महावग्गाचे वाचन झाले होते. त्यातली एक कथा मला तेव्हा आठवली आणि मी ती आईला सांगितली. तथागत भिक्खूसंघासह अंधकविंदाला गेले होते. एक ब्राह्मण कितीतरी दिवस संघाच्या मागे-मागे फिरत होता, दान देण्याची आपली पाळी येईल म्हणून. पाळी काही येईना आणि घरची कामे खोळंबली. तेव्हा त्याने भोजनशाळेत डोकावून पाहिले की इथे कोणता पदार्थ नाही. यागू नव्हती आणि मधाचे लाडू नव्हते. त्याने आनंदांना विचारले, आनंदांनी भगवंतांना, आणि परवानगी मिळाली. यागू म्हणजे दुसरे काय? तांदळाची पेजच. त्या प्रसंगी भगवंतांनी यागूचे दहा गुण सांगितले आहेत. ती देणारा आयुष्य देतो, वर्ण देतो, सुख, बळ आणि बुद्धीची तरतरी देतो. ती भूक आणि तहान भागवते, वायू सरळ करते, मूत्राशय शुद्ध करते आणि पोटात न पचलेले पचवते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या आहारतज्ज्ञासमोर ठेवली तरी तो मान हलवील. त्याच महावग्गात आजाऱ्याची सेवा कोणी करावी हेही सांगितले आहे. ज्याला औषध तयार करता येते आणि रुग्णाला काय सोसते, काय सोसत नाही हे कळते त्याने.

आई ऐकत होती. म्हणाली काही नाही. पण उठून कोहळ्याखालचा जाळ कमी केला.

आता कृती सांगतो. हे प्रमाण पाच माणसांच्या घराला पुरते, सात-आठ वाट्या होतात. साल आणि बिया काढलेले कोहळे ४०० ग्रॅम, एक मध्यम आलू, मिळाले तर एक गाजर, एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, मुगाची डाळ पाव वाटी आणि कनकी दोन चमचे. डाळ-कनकी धुऊन अर्धा तास भिजत घालावी. तेल एक मोठा चमचा. मोहरी-जिऱ्याची कडक फोडणी इथे नको, ती वरणाला शोभते.

कुकरमध्ये तेल तापवून कांदा टाका, त्यावर चिमूटभर मीठ आणि मंद आच. मीठ टाकले की कांद्याला पाणी सुटते आणि तो न जळता मऊ होतो. सात-आठ मिनिटे लागतात आणि इथेच घाई होते. आपल्याला रश्श्यासाठी कांदा लाल करायची सवय आहे. सुपात लाल कांदा घातला की रंग मळकट होतो आणि मागून कडवटपणा येतो. कांदा काचेसारखा दिसू लागला की लसूण, मग कोहळे, आलू आणि गाजराच्या फोडी. त्या पाच मिनिटे नुसत्या परताव्या. कोहळ्याच्या कडा विरघळू लागतात आणि गोडसर वास सुटतो. कोहळ्याला केशरी रंग देणाऱ्या द्रव्यापासून आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याला अंगी लागायला थोडे तेल-तूप लागतेच. म्हणून "पथ्याचे आहे, तेल नको" असे म्हणून पाण्यात उकडू नये. नंतर डाळ, कनकी, चिमूटभर हळद आणि चार वाट्या पाणी. चार शिट्या पुरेत. हिरवे डहाळे असतील तर सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, देठ त्यातच टाकावे. पाने वरून घालायला ठेवावी. देठात वास जास्त असतो आणि आपण ते उगीच फेकतो.

वाफ आपोआप जाऊ द्यावी. मग गाळणीतून रस वेगळा काढून ठेवावा आणि खालच्या फोडी निवू द्याव्या. पहिल्या दिवशी मी त्या निवू दिल्या नाहीत. गरम-गरम मिक्सरमध्ये भांडे भरून ओतले आणि बटण दाबले. आत वाफ कोंडते, झाकण उडाले, आणि माझ्या मनगटावर त्याची खूण अजून आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरही आहे. म्हणून फोडी कोमट झाल्यावर, भांडे अर्धेच भरून, थोड्या रसाबरोबर वाटाव्या. आलू फार वेळ फिरवू नये. तो मिक्सरमध्ये फार घुसळला की डिंकासारखा चिकट होतो आणि सूप दाट न होता लगदा होते. दोन-तीनदा थांबून-थांबून फिरवले की पुरे.

ज्यांच्याकडे मिक्सर नाही किंवा वीज गेलेली आहे त्यांनी मुळीच अडून राहू नये. घोटणीने कुकरमध्येच घोटावे आणि पिठाच्या चाळणीतून डावाच्या पाठीने दाबून गाळावे. वेळ दहा मिनिटे जास्त लागतो, पण खरे सांगू का, आईने चाळणीतून गाळलेले सूप माझ्या मिक्सरच्या सुपापेक्षा मऊ झाले होते. चाळणीवर उरलेला चोथा फेकू नका, कणकेत मळा. पोळ्या पिवळ्याधमक होतात.

गाळलेला गर गंजात घेऊन काढून ठेवलेला रस थोडा-थोडा मिसळावा, म्हणजे दाटपणा आपल्या हातात राहतो. डाव बुडवून उचलला की पाठीवर थर राहावा आणि बोट फिरवले तर रेघ उमटावी, एवढे दाट. मंद आचेवर पाच मिनिटे उकळी द्यावी आणि हात सतत चालवावा. पिष्ट तळाला बसते आणि लागते. एका पौर्णिमेला विहारात चाळीस माणसांचे सूप केले, तेव्हा सरपणावरच्या मोठ्या गंजाचा तळ असा लागला की जळका वास सगळ्यात उतरला. मोठ्या प्रमाणात करायचे तर डाळ-तांदळाचा भाग वेगळा शिजवून शेवटी मिसळावा, हे तेव्हा शिकलो. लोकांनी तरी ते संपवले, हा त्यांचा मोठेपणा.

मीठ अगदी शेवटी. आधी घातले तर आटताना ते वाढत जाते. मग मिरे कुटून.

आता ती साय. दोन उपाय आहेत. घरात दूध असेल तर आच बंद करण्याआधी अर्धी वाटी उकळलेले दूध घालावे. मात्र सुपात टमाटर किंवा चिंच-लिंबू असेल तर दूध फाटते. आंबट हवे असेल तर ज्याने-त्याने आपल्या वाटीत लिंबू पिळावे. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. मूठभर फल्लीदाणे मंद भाजून, साल काढून, थोड्या पाण्यात गंधासारखे बारीक वाटायचे आणि उकळीच्या वेळी मिसळायचे. दाण्यात तेल असते, ते वाटताना दुधासारखे पांढरे होते आणि सुपाला जो गुळगुळीतपणा येतो तो लग्नातल्या सुपाला नव्हता. शिवाय दाण्यात आणि डाळीत शरीर भरणारे प्रथिन आहे. दूध नसलेल्या घराला यात काही कमी पडत नाही.

कोहळे नसेल तेव्हा लौकी घ्यावी, तिला पिष्ट कमी म्हणून आलू दीडपट. हिवाळ्यात वटाण्याचे किंवा पोपटाच्या कोवळ्या दाण्यांचे हिरवे सूप होते. मुनग्याची कोवळी पाने मूठभर टाकली तर सूप हिरवट दिसते, मुले नाक मुरडतात, पण आठवड्यातून एकदा टाकावी. पालेभाजी उकडून पाणी ओतून देण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. तिची बरीच सत्त्वे त्या पाण्यातच उतरलेली असतात. सुपात पाणी फेकले जात नाही हा त्याचा मोठा फायदा.

डाळीबद्दल एक सूचना. आपल्या धानाच्या बांधीत धान निघाले की लाखोळी पेरतात आणि ती घरोघर असते. तिला नावे ठेवायची नाहीत, तिने आपल्या आजा-पणज्यांना दुष्काळात जगवले. पण तिच्यात एक विषारी अंश असतो आणि महिनोन्महिने दुसरे काही न खाता तीच पोटभर खाल्ली तर पाय लुळे पडतात. आजाऱ्याच्या रोजच्या सुपात ती नको, मूग किंवा मसूर घ्यावी. घरच्यांनी कधीमधी खायची तर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे तो अंश बराच कमी होतो. इथे मात्र पाणी फेकायचे बरे का!

ज्यामुळे हे सगळे सुरू झाले त्या आजाराबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. कारण हे साप्ताहिक ज्या घरांत वाचले जाते त्या विदर्भातल्या कितीतरी घरांत तो आहे आणि अजूनही झाकला जातो. सिकल म्हणजे विळा. आपण धान कापतो तो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्या प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग ते भयंकर दुखणे उठते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी. अमेरिकेत डॉ. हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्या सापडल्या आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या, म्हणजे आपल्या भागातल्या, रुग्णांविषयी लिहिले. म्हणजे आपल्या लोकांतला हा आजार कागदावर येऊनही साठ वर्षांच्या वर झाली. केंद्र सरकारची निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला कळतही नाही. आपण जन्मपत्रिका टाकून दिल्या, चांगले केले. त्या जागी लग्न ठरण्यापूर्वी रक्ताचा हा एक कागद पाहिला पाहिजे. मुलीचाच नव्हे, मुलाचाही.

सूप हे या आजाराचे औषध नाही, हे स्पष्ट सांगतो. फोलिक ऍसिडची गोळी रोज, डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर, ताप आला की दवाखाना, हे चुकवून चालत नाही. "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. ज्या मुलांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या अंगात लोह आधीच साठलेले असते. मग सुपाचा उपयोग काय? शरीरातले पाणी कमी झाले की पेशी लवकर वाकड्या होतात, म्हणून या मुलांना पाणी सतत पोटात जाणे जरुरीचे असते, आणि आजारी मूल नुसते पाणी किती पिणार? सुपाची एक वाटी म्हणजे पाणीही आणि अन्नही. थंडीने दुखणे उठते, त्यात गरम वाटी हातात बरी वाटते. आणखी एक. या मुलांची पाणथरी निकामी होत जाते, त्यामुळे त्यांना जंतूंची लागण लवकर होते. म्हणून रात्रीचे उरलेले, तसेच झाकून ठेवलेले सूप सकाळी त्यांना देऊ नये. डाळ-तांदळाचे पदार्थ गरम हवेत लवकर बिघडतात. शिजल्यापासून दोन तासांत संपवावे, नाहीतर लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खळखळून उकळावे. फ्रीज नसेल त्यांनी थोडेच करावे.

मी डब्यातून सूप नेऊ लागलो तेव्हा कार्यालयातला एक जण हसत म्हणाला, "काय साहेब, तुमच्याकडे आता सूप पण पितात का?" त्याच्या मनात काय होते ते तो जाणे. गंमतही असेल. पण 'तुमच्याकडे' हा शब्द माझ्या कानात राहिला. परमपूज्य बाबासाहेबांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि तेथे होऊ न शकलेले भाषण १९३६ मध्ये स्वतः छापले. ते 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण दिले. पदार्थांत तूप होते. पंगत बसलेली असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपून हाकलले. कोणाचे तूप चोरले होते? कोणाचे नाही. स्वतःच्या पैशाचे तूप, स्वतःच्या पानात. पण तूप खाणे म्हणजे आमच्या बरोबरीला येणे, हा त्यांचा हिशेब. आईच्या लहानपणी वरून ओतली जाणारी पेज आणि चकवाऱ्याची ती उधळलेली पंगत, दोन्हींच्या मागे हाच हिशेब आहे. अमक्याने पातळ प्यावे आणि तमक्याने दाट.

मी त्या सहकाऱ्याला उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी एक वाटी जास्त नेली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती प्यायली आणि विचारले, "साय किती घातली?" मी म्हणालो, "साय नाही, फल्लीदाणे आहेत." आता त्याच्या घरी सासूबाईंचे दात काढल्यापासून तेच चालू आहे. त्याच्या पत्नीने प्रमाण लिहून मागितले म्हणून मी कागदावर लिहून दिले, आणि तोच कागद वाढवून हा लेख झाला.

भाची यंदा दहावीत आहे. थंडीच्या दिवसांत शाळेत जाताना गरम राहणाऱ्या डब्यात सूप नेते आणि मधल्या सुट्टीत पिते. मैत्रिणी चव घेतात म्हणून तिला पुरत नाही, ही नवी तक्रार आहे. सूप आता बहुतेक वेळा आईच करते, चाळणीतून गाळून. ती त्याला अजूनही सूप म्हणत नाही. परवा शेजारीण विचारत होती, काय करता वहिनी एवढं घोटून? आईने मान वर न करता सांगितले, "कोहळ्याची पेज. नातीसाठी." मग चव घेतली आणि म्हणाली, "मीठ टाकलं नाही का रे बाबू?" मी खरेच विसरलो होतो.